विंडोज ११ टाकल्यापासून पीसी हँग होतोय? फॉरमॅट मारण्याआधी हे करून पाहा

विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि सात-आठ वर्षं मुकाट काम करणारे कितीतरी पीसी विंडोज ११ वर गेले. काही रीतसर गेले, काही हार्डवेअरच्या अटी चुकवून. त्यातले काही त्या दिवसापासून हँग व्हायला लागले. माउसचा बाण आहे तिथे थिजतो, कोपऱ्यातलं घड्याळ थांबतं, गाणं चालू असेल तर स्पीकरमधून एकच टर्रर्र येत राहतं, आणि पॉवरचं बटण दाबून धरण्यापलीकडे हातात काही उरत नाही.

दुकानात नेलं की दोन उत्तरं तयार असतात: ‘फॉरमॅट मारू’ आणि ‘रॅम वाढवू’. रॅम कमी असेल तर पीसी हळू चालतो, डिस्कचा दिवा पेटलेला राहतो, पण दहा-वीस सेकंदांनी का होईना तो हलतो. ठार थिजणं हा निराळा आजार आहे. आणि फॉरमॅट मारलं की हँग होताना नोंदल्या गेलेल्या खुणा पुसल्या जातात. वर विंडोज अपडेट दुसऱ्याच दिवशी तोच ड्रायव्हर, म्हणजे त्या भागाला चालवणारा छोटा प्रोग्राम, पुन्हा आणून बसवतं. म्हणजे पैसे गेले, पुरावा गेला, दुखणं तिथेच.

हार्डवेअर आणि ऑपरेटिंग सिस्टिम यांचं न पटण्याचं कारण ‘मशीन जुनं, सिस्टिम नवी’ एवढंच नसतं. भांडण बऱ्याचदा झोपेवरून असतं. वीज वाचवण्यासाठी सिस्टिम प्रत्येक भागाला, म्हणजे डिस्क, प्रोसेसर, वायफाय कार्ड, यूएसबी पोर्ट यांना, सेकंदाला अनेकदा झोपवते आणि उठवते. एखादा भाग हाक मारल्यावर वेळेत उठला नाही, की त्याची वाट पाहत सगळं अडतं. म्हणून खालच्या तपासणीत सर्वात जास्त जागा झोपेला दिली आहे.

अपग्रेड होऊन दहा दिवस झाले नसतील तर एक सोपी वाट अजून उघडी आहे: सेटिंग्ज, सिस्टिम, रिकव्हरी, गो बॅक. मागे जाऊन हँग थांबलं, तर हार्डवेअर ठीक आहे हे तिथेच कळलं. त्यानंतर घाई न करता खालची तयारी करून पुन्हा विंडोज ११ वर जाता येतं.

आधी ओळखा: नेमकं काय अडकलंय

पुढच्या वेळी हँग झाला की लगेच पॉवर बटणाकडे हात नेऊ नका. दोन मिनिटं थांबा आणि तीन गोष्टी करा.

कॅप्स लॉक दाबा. कीबोर्डवरचा त्याचा दिवा सिस्टिमच चालू-बंद करते. दिवा बदलला तर सिस्टिमचा गाभा जिवंत आहे. अडकलंय ते पडद्याचं काम किंवा एखादा प्रोग्राम. दिवा ढिम्म राहिला तर अडचण खोल आहे.

मग विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी या चार कळा एकत्र दाबा. याने ग्राफिक्स ड्रायव्हर नव्याने सुरू होतो. पडदा क्षणभर काळा होऊन चित्र हलायला लागलं, तर आरोपी सापडल्यात जमा आहे: ग्राफिक्स. थेट त्या भागाकडे जा.

काहीच हललं नाही तर घड्याळ लावून दोन मिनिटं नुसतं बघा. अर्ध्या-एक मिनिटाने पीसी आपोआप सुटला आणि तोवर दाबलेल्या सगळ्या कळा धडाधड उमटल्या, तर संशय डिस्कवर किंवा तिच्या कंट्रोलरवर. दर थोड्या वेळाने एक-दोन सेकंदांपुरता आवाजासकट सगळा पीसी अडखळून पुढे सरकत असेल आणि प्रोसेसर एएमडीचा असेल, तर खाली एफटीपीएमचा परिच्छेद वाचा. आणि सुटलाच नाही, तर पॉवर बटण.

एक साधी वही जवळ ठेवा. त्यात हँगची वेळ, तेव्हा काय चालू होतं, पीसी वापरात होता की नुसता बसून होता, एवढंच लिहा. पाच-सहा नोंदी झाल्या की नमुना दिसायला लागतो. ‘नुसता बसून होता’ हे वारंवार आलं तर प्रोसेसरच्या झोपेचा संशय बळावतो. ‘यूट्यूब’ किंवा ‘मीटिंग’ वारंवार आलं तर ग्राफिक्सचा.

नोंदी वाचा

स्टार्टमध्ये ‘रिलायबिलिटी’ असं टाइप करा. रोमन अक्षरांत, आणि पुढे येणारे सगळे आदेशही तसेच. ‘व्ह्यू रिलायबिलिटी हिस्टरी’ उघडा. तारखांचा तक्ता येतो. हँग सुरू झाले त्या दिवसाच्या आधी कोणता ड्रायव्हर किंवा अपडेट बसला ते इथे एका नजरेत दिसतं. हे पान फार कमी लोक उघडतात, आणि बऱ्याच केसेस इथेच उलगडतात.

मग इव्हेंट व्ह्यूअर. विंडोज लॉग्ज, त्यात सिस्टिम. उजवीकडे ‘फिल्टर करंट लॉग’ मध्ये क्रिटिकल, एरर आणि वॉर्निंग या तिघांवर खूण करा. वॉर्निंग वगळू नका, कारण कामाची माहिती बरेचदा तिथेच असते.

समजा वहीत लिहिलंय: सकाळी ११:४२, एक्सेल उघडं, अर्ध्या मिनिटाने सुटला. लॉगमध्ये ११:४२ च्या आसपास ‘स्टोरएएचसीआय’ (storahci) किंवा ‘स्टोरएनव्हीएमई’ (stornvme) नावाने १२९ क्रमांकाची नोंद दिसते: रीसेट टू डिव्हाइस वॉज इश्यूड. याचा साधा अर्थ असा की सिस्टिमने डिस्ककडे काही मागितलं, उत्तर आलं नाही, मुदत संपेपर्यंत वाट पाहिली आणि मग कंट्रोलरला हलवून जागं केलं. तो वाट पाहण्याचा वेळ म्हणजेच तुमचं हँग. सोबत १५३ क्रमांक असेल तर तेच काम पुन्हा करावं लागलं. मात्र ‘डिस्क’ या नावाने ७ क्रमांक दिसला तर ती न पटण्याची गोष्ट नाही. डिस्कवर खराब सेक्टर आहेत. आधी बॅकअप, मग बाकी सगळं.

‘डिस्प्ले’ नावाने ४१०१ म्हणजे ग्राफिक्स ड्रायव्हर पडला आणि सावरला. ‘व्हिया-लॉगर’ (WHEA-Logger) १७ म्हणजे पीसीआय एक्स्प्रेसवर, कार्डं आणि डिस्क जोडणाऱ्या मार्गावर, चूक झाली पण दुरुस्त झाली. १८ म्हणजे दुरुस्त न होणारी, गंभीर.

कर्नल-पॉवर ४१ बघून मात्र एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा) बदलायला धावू नका. ती नोंद पीसी पुन्हा सुरू झाल्यावर लिहिली जाते आणि ‘मागच्या वेळी नीट बंद झालो नव्हतो’ एवढंच सांगते. पॉवर बटण दाबून बंद केलंत, तर ती येणारच.

आणि कधीकधी हँगच्या वेळेला लॉगमध्ये काहीच नसतं. ११:४० ची शेवटची नोंद, त्यानंतर थेट रीस्टार्टच्या. ही कोरी जागाही पुरावाच आहे: नोंद लिहायला लागणारी डिस्क किंवा लिहिणारा प्रोसेसर, दोघांपैकी एक त्या क्षणी हजर नव्हता.

बिघडलंय की पटत नाही?

इथे एक पेन ड्राइव्ह लागेल, ८ जीबीचा पुरे. त्यावर रुफस नावाचं टूल वापरून उबुंटू किंवा लिनक्स मिंट या लिनक्स सिस्टिमची आयएसओ फाइल चढवा, पीसी त्यावरून सुरू करा आणि इन्स्टॉल न करता ‘ट्राय’ निवडा. तुमच्या डिस्कला धक्का लागत नाही. आता विंडोजमध्ये साधारण जितक्या वेळात हँग व्हायचा त्याच्या किमान दुप्पट वेळ पीसी चालू ठेवा: थोडा वेळ व्हिडिओ, थोडा वेळ ब्राउझर, थोडा वेळ नुसता बसवून.

लिनक्सवर बिनघोर चालला तर हार्डवेअर बहुधा ठणठणीत आहे आणि पुढचे भाग तुमच्यासाठीच आहेत. एक पळवाट मात्र बुजवा. पेन ड्राइव्हवरून चालताना आतल्या डिस्कला फारसं काम पडतच नाही. म्हणून ‘डिस्क्स’ हे अॅप उघडून आतली डिस्क निवडा आणि मेनूतून बेंचमार्क चालवा. ‘राइट’ची खूण काढायला विसरू नका, आपल्याला नुसतं वाचून बघायचंय.

लिनक्सवरही हँग झाला तर आधी हार्डवेअर तपासा. मेमटेस्ट८६ चे चार पूर्ण फेरे. एकही लाल ओळ आली तर रॅम किंवा तिचा स्लॉट दोषी. विंडोजमध्ये क्रिस्टलडिस्कइन्फो लावून ०५, सी५ आणि सी६ हे आकडे पाहा. शून्य हवेत. सी७ एकटाच वाढत असेल तर डिस्क नाही, साटा केबल बदला. शंभर-दोनशे रुपयांत भागतं. तापमानासाठी एचडब्ल्यूइन्फो. प्रोसेसर ९५ अंशांच्या वर जाऊन हँग होत असेल तर पंखा साफ करा, थर्मल पेस्ट बदला.

इंटेलच्या तेराव्या-चौदाव्या पिढीचा वरच्या श्रेणीतला डेस्कटॉप प्रोसेसर असेल तर आणखी एक. त्यांच्यात जास्त व्होल्टेजने झीज होण्याचा दोष निघाला. ऑगस्ट २०२४ मध्ये ०एक्स१२९ आणि पुढच्या महिन्यात ०एक्स१२बी हे मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतल्या सूचना) बायोसच्या, म्हणजे पीसी सुरू करणाऱ्या बोर्डावरच्या प्रोग्रामच्या, अपडेटमधून आले आणि इंटेलने वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. अपडेटने पुढची झीज थांबते, झालेली भरून येत नाही. आधीच क्रॅश होत असेल तर वॉरंटीचाच रस्ता धरा.

बायोसला हात लावण्याआधी

हा भाग कंटाळवाणा आहे, पण वगळलात तर डेटा गमवाल.

विंडोज ११ मध्ये डिस्क एन्क्रिप्शन अनेकदा न विचारता चालू झालेलं असतं. २४एच२ आवृत्ती कोरी बसवून मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन केलं, तर होम एडिशनमध्येसुद्धा. अशा पीसीचा बायोस अपडेट केला किंवा टीपीएमची (चाव्या जपणाऱ्या सुरक्षा भागाची) सेटिंग बदलली, की पुढच्या वेळी निळ्या पडद्यावर ४८ आकडी रिकव्हरी की मागितली जाते. म्हणून आधी मायक्रोसॉफ्ट अकाउंटच्या डिव्हाइसेस पानावरून ती की कागदावर उतरवून घ्या. प्रो एडिशन असेल तर कंट्रोल पॅनेलमधल्या बिटलॉकरमध्ये ‘सस्पेंड प्रोटेक्शन’ करा. होममध्ये सेटिंग्जमधून डिव्हाइस एन्क्रिप्शन तात्पुरतं बंद करा आणि डिक्रिप्शन पूर्ण होऊ द्या.

बायोसची फाइल फक्त मदरबोर्डच्या किंवा लॅपटॉपच्या कंपनीच्या साइटवरून, नेमका मॉडेल आणि बोर्डचा रिव्हिजन नंबर जुळवून घ्या. एकाच नावाच्या बोर्डाचे दोन रिव्हिजन असतात आणि त्यांच्या फाइली निराळ्या असू शकतात. पेन ड्राइव्ह फॅट३२ मध्ये फॉरमॅट केलेला हवा. लॅपटॉपला चार्जर लावून आणि बॅटरी निम्म्याच्या वर असताना, डेस्कटॉपला यूपीएस लावून. अधूनमधून लाइट जाणाऱ्या गावात हे काम यूपीएसशिवाय करूच नका. अपडेट अर्ध्यावर तुटला तर बोर्ड मरतो.

बायोसनंतर ड्रायव्हर या क्रमाने: चिपसेट, डिस्क कंट्रोलर, ग्राफिक्स, शेवटी वायफाय आणि आवाज. एका दिवशी एकच. सगळे एकदम टाकले आणि पीसी बरा झाला, तर कशाने ते कधीच कळणार नाही. बिघडला तर तर मुळीच नाही. आणि ‘एका क्लिकमध्ये सगळे ड्रायव्हर’ देणारी फुकट सॉफ्टवेअरं टाळा. नाव मिळतंजुळतं दिसलं की ती भलताच ड्रायव्हर चिकटवतात, आणि मग खरा रोग आणि त्यांनी लावलेला रोग वेगळा काढता येत नाही.

झोपेची भांडणं

सुरुवात फास्ट स्टार्टअपपासून. ते चालू असताना शट डाउन केलेला पीसी पूर्ण बंद होतच नाही. सिस्टिमच्या गाभ्याची आणि ड्रायव्हरांची स्थिती फाइलमध्ये साठवून ठेवली जाते आणि सकाळी तीच परत उचलली जाते. म्हणजे काल बिनसलेला ड्रायव्हर आजही बिनसलेलाच उठतो. म्हणूनच ‘बंद करून चालू केला तरी तसंच’ आणि ‘रीस्टार्ट केला तर ठीक’ असा विचित्र अनुभव येतो. कंट्रोल पॅनेल, पॉवर ऑप्शन्स, ‘चूज व्हॉट द पॉवर बटन्स डू’, वरची ‘करंटली अनअव्हेलेबल’ असं लिहिलेली ओळ दाबून फास्ट स्टार्टअपची खूण काढा.

आता डिस्क. त्याच पॉवर ऑप्शन्समध्ये ‘हाय परफॉर्मन्स’ प्लॅन निवडा आणि त्याच्या अॅडव्हान्स्ड सेटिंग्जमध्ये पीसीआय एक्स्प्रेसखाली ‘लिंक स्टेट पॉवर मॅनेजमेंट’ ऑफ आहे ना, हार्ड डिस्कखाली ‘टर्न ऑफ आफ्टर’ ० म्हणजे कधीच नाही असं आहे ना, ते पाहा. यूएसबी सेटिंग्जमध्ये ‘सिलेक्टिव्ह सस्पेंड’ डिसेबल करा. नव्या लॅपटॉपांत नुसता बॅलन्स्ड प्लॅन दिसतो आणि यातले पर्याय लपलेले असतात. तिथे बायोसमध्ये ‘एएसपीएम’ नावाचा पर्याय असेल तर तो बंद करा. असं तीन दिवस चालवा. १२९ च्या नोंदी थांबल्या तर निदान पक्कं झालं.

तसं नाही झालं तर डिव्हाइस मॅनेजर उघडून ‘आयडीई एटीए/एटीएपीआय कंट्रोलर्स’ आणि ‘स्टोरेज कंट्रोलर्स’ पाहा. विंडोज १० वरून अपग्रेड केलेल्या इंटेल पीसीवर अनेकदा रॅपिड स्टोरेजचा जुना ड्रायव्हर तसाच मागे राहिलेला असतो. कंपनीच्या साइटवर नवा असेल तर तो टाका. नसेल आणि बायोसमध्ये डिस्कचा मोड एएचसीआय (AHCI) असेल, तर त्या कंट्रोलरवर राइट क्लिक, अपडेट ड्रायव्हर, ब्राउझ, ‘लेट मी पिक’, आणि यादीतून ‘स्टँडर्ड साटा एएचसीआय कंट्रोलर’. बायोसमध्ये मोड रेड (RAID) किंवा आरएसटी (RST) असेल तर हे करू नका, पीसी सुरूच होणार नाही. मोड बदलायचाच असेल तर त्याची रीत आहे: एमएसकॉन्फिगमध्ये ‘सेफ बूट’वर खूण करा, रीस्टार्ट करून थेट बायोसमध्ये जा, तिथे एएचसीआय निवडा, सेफ मोडमध्ये विंडोज एकदा उघडू द्या, मग खूण काढून पुन्हा रीस्टार्ट. सेफ मोडमध्ये सिस्टिम आपला मूळ एएचसीआय ड्रायव्हर जागा करते, म्हणून पुढच्या वेळी तिला डिस्क सापडते.

एसएसडीचं स्वतःचं फर्मवेअर हा या सगळ्यातला दुर्लक्षित भाग. एसएसडीच्या आत एक छोटा संगणकच असतो आणि त्याच्याही प्रोग्राममध्ये चुका असतात. क्रुशिअल एम४ या जुन्या एसएसडीत अशी चूक होती की एकूण ५,१८४ तास, म्हणजे सलग धरले तर २१६ दिवस चालून झाले की ती प्रतिसाद देणं थांबवायची. रीस्टार्ट केलं की तासाभराने पुन्हा तेच. जानेवारी २०१२ मधल्या फर्मवेअरने ते मिटलं. अलीकडचं उदाहरण २०२४ चं. स्वस्त एनव्हीएमई डिस्कवर (पीसीआय एक्स्प्रेसवर चालणाऱ्या एसएसडीवर) स्वतःची डीरॅम, म्हणजे कामापुरती मेमरी, नसते, त्या पीसीच्या रॅममधून थोडी जागा मागून घेतात. विंडोज आधी ६४ एमबी द्यायचं. २४एच२ आवृत्तीने मागितलेली पूर्ण २०० एमबी दिली, आणि वेस्टर्न डिजिटलच्या एसएन७७० आणि एसएन५८० यांची २ टीबीची मॉडेलं कोसळायला लागली. कंपनीने नवं फर्मवेअर काढलं आणि प्रश्न सुटला. म्हणून सॅमसंग मॅजिशियन, वेस्टर्न डिजिटलचा डॅशबोर्ड, क्रुशिअलचा स्टोरेज एक्झिक्युटिव्ह, जी कंपनी असेल तिचं टूल एकदा उघडून फर्मवेअर अपडेट आहे का पाहा. बॅकअप घेऊनच.

प्रोसेसरची झोप वेगळी आहे. काम नसलं की तो सी१, सी६ अशा एकेका खोल पायरीवर उतरतो. एएमडीच्या २०१७ च्या पहिल्या पिढीच्या रायझन प्रोसेसरमध्ये सी६ वरून परत येताना गडबड होऊन पीसी रिकामा बसलेला असतानाच थिजायचा. लिनक्सवर हे जास्त दिसलं. काही जुन्या एसएमपीएसना रिकाम्या प्रोसेसरचा इतका कमी विद्युत प्रवाह सांभाळता येत नाही, हाही त्यातलाच भाग. उपाय बायोसमध्ये आहे: अॅडव्हान्स्ड, एएमडी सीबीएस, तिथे ‘पॉवर सप्लाय आयडल कंट्रोल’ हा पर्याय ऑटोवरून ‘टिपिकल करंट आयडल’ वर. ते न सापडल्यास किंवा पुरेसं न ठरल्यास ‘ग्लोबल सी-स्टेट कंट्रोल’ डिसेबल. इंटेल बोर्डावर ‘सी-स्टेट्स’ याच नावाने शोधा. विजेचं बिल किंचित वाढेल, पण वहीतल्या ‘नुसता बसून होता’ या नोंदी थांबल्या तर सौदा वाईट नाही.

वायफाय कार्डासाठी डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्या कार्डाच्या प्रॉपर्टीजमधला पॉवर मॅनेजमेंट टॅब उघडा आणि ‘अलाउ द कॉम्प्युटर टू टर्न ऑफ’ ची खूण काढा. यूएसबी रूट हबलाही तेच.

एएमडी आणि एफटीपीएमचा अडखळा

विंडोज ११ ला टीपीएम २.० लागतो म्हणून लोकांनी बायोसमध्ये जाऊन रायझनचा एफटीपीएम (प्रोसेसरमधूनच चालणारा टीपीएम) चालू केला आणि दिवसातून काही वेळा सगळा पीसी, आवाजासकट, क्षणभर अडखळायला लागला. एफटीपीएमची माहिती बोर्डावरच्या बायोसच्या चिपमध्येच साठते. तिथलं वाचणं-लिहिणं कधी लांबलं, की तेवढा वेळ बाकी कामं खोळंबतात. एएमडीने मार्च २०२२ मध्ये हे मान्य केलं. दुरुस्ती एजेसा (AGESA, बायोसमधला एएमडीने दिलेला भाग) १.२.०.७ असलेल्या बायोसमध्ये आहे. बोर्डाच्या साइटवर बायोसच्या वर्णनात हा आकडा किंवा याहून पुढचा शोधा. बोर्डासाठी तो आलाच नसेल तर बोर्डाच्या टीपीएम हेडरवर बसणारं वेगळं मॉड्यूल घेता येतं, पण पिनांची मांडणी कंपनीगणिक बदलते, तेव्हा बोर्डाचं मॅन्युअल पाहूनच. एफटीपीएमकडून मॉड्यूलकडे जाताना जुन्या चाव्या जातात. बिटलॉकर आधी सस्पेंड करा आणि विंडोजचा पिन नव्याने लावायची तयारी ठेवा.

ग्राफिक्स

स्टार्टमध्ये ‘डीएक्सडायग’ (dxdiag) चालवा, डिस्प्ले टॅबमध्ये ‘ड्रायव्हर मॉडेल’ पाहा. विंडोज ११ ला डब्ल्यूडीडीएम (WDDM, ग्राफिक्स ड्रायव्हर कसा असावा याचं विंडोजचं मानक) २.० किंवा वरचं हवं. १.३ दिसलं, जसं इंटेलच्या तिसऱ्या पिढीच्या एचडी ४००० वर दिसतं, तर त्या चिपसाठी विंडोज ११ चा ड्रायव्हर येणार नाही हे धरून चाला. एक स्वस्त, आजही ड्रायव्हर मिळणारं ग्राफिक्स कार्ड किंवा जुनी सिस्टिम, एवढेच पर्याय.

मॉडेल ठीक असेल तर खात्रीची चाचणी अशी: डिव्हाइस मॅनेजरमध्ये डिस्प्ले अॅडॅप्टर डिसेबल करा. विंडोजचा साधा ड्रायव्हर लागेल, चित्र ओबडधोबड दिसेल, व्हिडिओ अडखळेल. पण अशा अवस्थेत दोन दिवस एकदाही हँग झाला नाही, तर गुन्हा सिद्ध झाला. मग नवा ड्रायव्हर आधी डाउनलोड करून ठेवा, इंटरनेट काढा, सेफ मोडमध्ये जाऊन डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलरने जुन्याचा मागमूस पुसा आणि नवा टाका. इंटरनेट काढायचं कारण असं की तुम्ही फाइल शोधेपर्यंत विंडोज अपडेट आपला ड्रायव्हर घुसवून मोकळं होतं. नव्यातच दोष असेल तर दोन आवृत्त्या मागचा टाका. ग्राफिक्समध्ये सगळ्यात नवा म्हणजे सगळ्यात चांगला असं नसतं.

फक्त ब्राउझरमध्ये व्हिडिओ बघतानाच हँग होत असेल तर इतकं करण्याआधी क्रोमच्या सेटिंग्जमध्ये सिस्टिमखाली ‘ग्राफिक्स अॅक्सिलरेशन’ बंद करून पाहा.

डोंगल, टोकन आणि जुने चिकट ड्रायव्हर

डीटीपीच्या दुकानात मराठी फॉन्टच्या पॅकेजचं पंधरा वर्षांपूर्वीचं डोंगल, सीएच्या ऑफिसात डिजिटल सिग्नेचरचा टोकन, सेवा केंद्रात बोटांचे ठसे घेणारं यंत्र. या प्रत्येकाचा ड्रायव्हर सिस्टिमच्या गाभ्यात बसतो आणि बरेचसे विंडोज ७ च्या काळातले असतात. सेटिंग्जमधून विंडोज सिक्युरिटी, डिव्हाइस सिक्युरिटी, कोअर आयसोलेशन असं जा. मेमरी इंटेग्रिटी, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्याची राखण करणारी सोय, बंद असेल तर चालू करायचा प्रयत्न करा; अडसर असला तर विंडोज स्वतःच न जुळणाऱ्या ड्रायव्हरांची यादी समोर ठेवतं. ही फुकटची संशयितांची यादी आहे. त्यातल्या प्रत्येकासाठी कंपनीकडून नवा ड्रायव्हर मागा. उपकरण वापरातच नसेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘शो हिडन डिव्हाइसेस’ करून ते ड्रायव्हरसकट काढा.

याच मेमरी इंटेग्रिटीचा दुसरा पैलू: इंटेलच्या सातव्या पिढीआधीच्या आणि एएमडीच्या झेन २ आधीच्या प्रोसेसरांत तिला लागणारी हार्डवेअरची सोय नाही. तिथे तेच काम सॉफ्टवेअरने होतं आणि पीसी जड होतो. चालू ठेवायची की नाही हा सुरक्षिततेचा प्रश्न आहे. बँकेचे व्यवहार होणाऱ्या पीसीवर ती चालूच असू द्या.

अँटिव्हायरसही बघा. अपग्रेडनंतर जुन्या, मुदत संपलेल्या अँटिव्हायरसचे अवशेष राहतात आणि प्रत्येक फाइल उघडताना मध्ये येतात. त्या कंपनीचं रिमूव्हल टूल वापरून ते मुळापासून काढा.

रॅमबद्दल थोडंसं

बायोसमध्ये एक्सएमपी (XMP) किंवा एक्स्पो (EXPO) ही रॅम जास्त वेगाने चालवणारी सेटिंग चालू असेल तर ते बंद करून चार दिवस चालवा. वेगवेगळ्या कंपन्यांच्या दोन पट्ट्या असतील तर एकेक लावून पाहा. नव्या डीडीआर५ च्या एएमडी बोर्डावर पहिल्यांदा सुरू करताना काही मिनिटं पडदा काळा राहतो. तो हँग नाही, बोर्ड रॅमचं टायमिंग जुळवत असतो. घाबरून बटण दाबलंत तर सगळं पहिल्यापासून.

लिनक्सवर असाल तर

इथेही भांडण झोपेचंच, फक्त सांगायची रीत वेगळी. सुरू होताना ग्रबच्या, म्हणजे सिस्टिम निवडायच्या, यादीत ‘ई’ दाबा, ‘लिनक्स’ने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी पर्याय लिहा आणि एफ१० दाबा. बदल त्या एका वेळेपुरता राहतो, म्हणून बिनधास्त करून बघा. सेलेरॉन एन२८४०, जे१९०० यांसारख्या बे ट्रेल प्रोसेसरसाठी ‘इंटेल_आयडल.मॅक्स_सीस्टेट=१’ (intel_idle.max_cstate=1). एनव्हीएमई डिस्क मध्येच गायब होत असेल तर ‘एनव्हीएमई_कोर.डीफॉल्ट_पीएस_मॅक्स_लेटन्सी_यूएस=०’ (nvme_core.default_ps_max_latency_us=0). उपयोग झाला तर तो ग्रबच्या सेटिंगच्या फाइलमध्ये कायमचा लिहा. मागच्या वेळी काय झालं ते ‘जर्नलसीटीएल -बी -१’ (journalctl -b -1) ही आज्ञा दाखवते. आणि थिजलेल्या उबुंटूवर पॉवर बटणाऐवजी ऑल्ट आणि प्रिंट स्क्रीन धरून एस, यू, बी या कळा थांबत-थांबत दाबा: डेटा डिस्कवर उतरतो, डिस्क सुरक्षित होते, मग रीस्टार्ट.

बरा झाला हे कधी म्हणायचं

आधी जितक्या दिवसांनी हँग व्हायचा त्याच्या तिप्पट दिवस गेले की. रोज व्हायचा तर तीन दिवस, आठवड्याने व्हायचा तर तीन आठवडे. त्याआधी बदल करत राहिलात तर गोंधळ वाढेल. तेवढे दिवस गेल्यावर झोपेच्या बंद केलेल्या सेटिंग्ज एकेक करून परत चालू करा, विशेषतः लॅपटॉपवर. नाहीतर बॅटरी दुपारीच संपेल. जी चालू केल्यावर हँग परत येईल तेवढी एकच बंद ठेवा.

काहीच लागू पडलं नाही आणि पीसी कामाचा असेल, तर विंडोज १० वर परत जाऊन घरगुती वापरासाठीच्या वाढीव सुरक्षा अपडेटसाठी नाव नोंदवता येतं. ती सोय १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत आहे. कोअर २ ड्युओच्या काळातला पीसी असेल तर हाच एक मार्ग किंवा लिनक्स, कारण २४एच२ पासून विंडोजला लागणारी पॉपसीएनटी ही सूचनाच त्या प्रोसेसरमध्ये नाही.

आणि जी सेटिंग बंद ठेवून पीसी बरा झाला ती, बायोसचा आकडा आणि तारीख एका कागदावर लिहून कॅबिनेटच्या आतल्या बाजूला चिकटवा. बायोसचा सेल संपला की सगळ्या सेटिंग्ज मूळपदावर जातात, आणि तेव्हा हाच कागद शोधावा लागतो.